ओळख तीच, आरडाओरड बंद: अतिनील किरणांखालच्या पांढऱ्या पेशी आणि अवयव प्रत्यारोपण

१९७३ सालची गोष्ट. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांना तेव्हा वरचेवर रक्त चढवावं लागायचं. लाल पेशी तयार करायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडात बनतं आणि ते औषध म्हणून मिळायला अजून दीड दशक अवकाश होता. डॉक्टर मात्र रक्त द्यायला कचरत. परक्याचं रक्त जितकं जास्त चढवू तितकं शरीर परक्या पेशींविरुद्ध सावध होईल आणि उद्या बसवलेलं मूत्रपिंड नाकारेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेबात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण लॉस एंजेलिसमध्ये गेरहार्ड ओपेल्ट्स, पॉल तेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उलटंच दिसलं. ज्यांना आधी रक्त चढवलं होतं त्यांची नवी मूत्रपिंडं जास्त टिकली होती.

डॉक्टरांची भीतीही खोटी नव्हती. रक्त घेतलेल्यांपैकी काहींच्या शरीरात खरोखरच अशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार होत की त्यांच्यासाठी जुळणारा दाता मिळणंच मुश्कील होऊन बसे. एकाच उपचाराने एक जण तरत होता आणि दुसऱ्याची वाट बंद होत होती. या कोड्याच्या मुळाशी होत्या चढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांचा उपयोगी गुण ठेवून घातक तेवढा काढता येईल का, या प्रश्नाच्या मागे लागलेल्या लोकांना एक वाट अतिनील किरणांमध्ये सापडली.

पांढऱ्या पेशीच का?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिची ओळख सांगणारे रेणू असतात. त्यांना एचएलए म्हणतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसामाणसांत ती इतकी वेगवेगळी असतात की सख्ख्या भावंडांमध्येही दोघांचा संच पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. या रेणूंचा पहिला सुगावा लागला तोही रक्त चढवण्यातूनच. फ्रेंच डॉक्टर झाँ दोसे यांना दिसलं की ज्या रुग्णांना अनेकदा रक्त दिलं आहे त्यांच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. १९५८ मध्ये त्यांनी अशा पहिल्या रेणूचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एचएलए या नावातलं मधलं अक्षर, एल, हेही ल्युकोसाइट म्हणजे पांढरी पेशी या शब्दावरूनच आलं आहे.

लाल पेशींवर रक्तगटाच्या खुणा असतात, पण एचएलए जवळपास नसतंच. एचएलएचे मुख्य वर्ग दोन, त्यातला एकच प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांवर, असतो. पांढऱ्या पेशींमधल्या काही जाती मात्र दोन्ही वर्गांचं एचएलए अंगावर घेऊन फिरतात, आणि त्यातल्या काहींचं कामच मुळी दुसऱ्या पेशींना माहिती दाखवणं हे असतं. म्हणजे दात्याच्या रक्ताची पिशवी चढवताना आपण नकळत दात्याच्या ओळखपत्रांचा आख्खा गठ्ठाच रुग्णाच्या शरीरात सोडत असतो.

आता खरी गंमत. परकं एचएलए दिसलं की हल्ला झालाच, असं होत नाही. आपल्या टी पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीला, पेटून उठायला दोन इशारे लागतात. पहिला इशारा ओळखीचा: समोर परका रेणू आहे. दुसरा इशारा धोक्याचा: हा मामला गंभीर आहे, कामाला लागा. दाखवणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरचे काही खास रेणू हा दुसरा इशारा देतात, त्यांच्या गटाला बी-७ म्हणतात. दोन्ही इशारे एकत्र मिळाले तर टी पेशी भराभर विभागते, सैन्य उभं राहतं, बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला मदत मिळते. फक्त पहिलाच मिळाला आणि दुसरा आलाच नाही, तर ती टी पेशी बहुधा सुस्तावते. पुढच्या वेळी तोच रेणू दिसला तरी ती लवकर हलत नाही. काही परिस्थितींत तर अशा भेटीतून इतरांना आवरणाऱ्या टी पेशी तयार होतात. या आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. परका अवयव शरीर नाकारतं ते तो परका आहे एवढ्यासाठीच नाही, तो परका म्हणून कोणत्या आवाजात पुढे आला, यावरही बरंच अवलंबून असतं. दवंडी पिटत आलेला परका आणि गुपचूप दिसून गेलेला परका, यांना प्रतिकार यंत्रणा एकसारखं वागवत नाही.

किरण नेमकं काय करतात?

अतिनील प्रकाशाचे तीन पट्टे मानतात. ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी म्हणजे ए, २८० ते ३२० म्हणजे बी आणि त्याहून आखूड त्या सी. बी पट्ट्यातले किरण पेशीच्या डीएनएमध्ये थेट शोषले जातात आणि साखळीतल्या शेजारच्या दोन दुव्यांना एकमेकांशी चुकीचं जोडून टाकतात. शिवलेल्या कापडात दोन टाके एकमेकांत अडकावेत तसं. अशी गाठ हजारो ठिकाणी पडली की पेशीला विभागता येत नाही आणि एक-दोन दिवसांत ती स्वतःच्या मरणाचा ठरलेला कार्यक्रम सुरू करते.

पण मरण्याच्या आधीच एक मोलाची गोष्ट घडते. किरण लागलेल्या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरचे धोक्याचा इशारा देणारे आणि टी पेशीला घट्ट बिलगून राहायला मदत करणारे रेणू कमी होतात किंवा नीट काम करेनासे होतात. एचएलए मात्र तिथेच असतं. पेशीची ओळख शाबूत राहते, तिचा आवाज बसतो.

हे पहिल्यांदा काचेच्या बशीत दिसलं. दोन माणसांच्या पांढऱ्या पेशी एका बशीत एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींना परकं ओळखून जोरात विभागू लागतात. प्रत्यारोपणाआधी दाता आणि रुग्ण किती जुळतात हे पाहायला ही चाचणी वापरली जात असे. १९७१ मध्ये स्वीडनमधल्या लिंडाल-किसलिंग आणि सेफवेनबर्ग यांनी दाखवलं की एका माणसाच्या पेशींवर आधी अतिनील किरण सोडले तर त्या पेशी दुसऱ्याच्या पेशींना चिथावूच शकत नाहीत.

इथे क्ष-किरण आणि गॅमा किरणांशी तुलना केली तर या निष्कर्षाचं वजन कळतं. रक्तपेढीत काही रुग्णांसाठी रक्ताला गॅमा किंवा क्ष-किरण देतात, कारण दात्याच्या जिवंत टी पेशी दुबळ्या रुग्णाच्या शरीरात वाढून त्याच्यावरच उलटू शकतात. त्या किरणांनी पेशींचं विभाजन थांबतं. त्यांची चिथावण्याची ताकद मात्र बरीचशी तशीच राहते. इतकी, की वरच्या बशीतल्या चाचणीत 'चिथावणारी' बाजू म्हणून गॅमा किंवा क्ष-किरण दिलेल्याच पेशी वापरतात! तेव्हा 'किरण दिलेलं रक्त' हा शब्द ऐकला की कोणते किरण, हे विचारायलाच हवं. दोन्हींचं काम वेगळं आहे.

उरला प्रश्न मरणाऱ्या पेशींचा. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि त्यांचा गाजावाजा होत नाही. प्लीहेतल्या आणि यकृतातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात, आणि गिळताना आजूबाजूला शांत राहण्याचे रासायनिक निरोप सोडतात. शरीराने हे शांत राहणं शिकलेलं नसतं तर आपण रोज स्वतःशीच लढलो असतो. अतिनील किरणांनी मरणाच्या वाटेला लागलेली दात्याची पांढरी पेशी रुग्णाच्या शरीरात गेली की ती याच वाटेने जाते. रुग्णाच्याच डेंड्रायटिक पेशी तिचे तुकडे उचलतात आणि ते तुकडे, दात्याच्या एचएलएसकट, टी पेशींना शांतपणे दाखवतात. दात्याची ही ओळख अवयव बसवण्याआधीच करून द्यायची, अशी सगळी कल्पना आहे.

उंदीर, कुत्रे आणि मग माणसं

१९८० च्या दशकात या कल्पनेवर भरपूर काम झालं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाउ, रीम्ट्समा आणि हार्डी यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांवरच अतिनील किरण सोडले आणि मग ते पुंजके दुसऱ्या प्राण्यात बसवले. ते बरेच जास्त काळ टिकले. १९८४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. सिएटलमध्ये डेग आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर वेगळा प्रयोग केला. एखाद्या कुत्र्याला आधी दात्याचं रक्त दिलं तर तो नंतर त्याच दात्याचा अस्थिमज्जा नाकारतो, हे ठाऊक होतं. तेच रक्त अतिनील किरण देऊन चढवलं, तेव्हा हा नकार टळला.

माणसांमध्ये सगळ्यात पक्का पुरावा आला तो प्लेटलेटच्या बाबतीत. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना उपचारादरम्यान वारंवार प्लेटलेट द्याव्या लागतात आणि काहींच्या शरीरात एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की दिलेल्या प्लेटलेट टिकतच नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात ५३० रुग्ण होते. साध्या प्लेटलेट मिळालेल्या गटात ४५ टक्के रुग्णांमध्ये अशी प्रतिपिंडं सापडली. पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या किंवा बी पट्ट्याच्या अतिनील किरणांनी निष्प्रभ केलेल्या गटांमध्ये हे प्रमाण १७ ते २१ टक्के होतं. प्रतिपिंडं होऊन प्लेटलेट निरुपयोगी ठरण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ३ ते ५ टक्क्यांवर आलं.

या आकड्यांत एक व्यावहारिक धडा दडलेला होता. किरण आणि गाळणी, दोन्हींचा उपयोग जवळपास सारखाच झाला. गाळणी स्वस्त, सोपी आणि सगळीकडे वापरता येण्याजोगी. त्यामुळे रक्तपेढ्यांनी गाळणीचा रस्ता धरला, आणि तो योग्यच होता. पण गाळणीने पांढऱ्या पेशी निघून जातात, म्हणजे घातक गुणाबरोबर उपयोगी गुणही जातो. शरीर चिडत नाही, पण काही शिकतही नाही. १९७३ च्या कोड्याचा दुसरा अर्धा भाग त्यामुळे तसाच उरला.

तो भाग सोडवायचा एक धाडसी प्रयत्न आधीच झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऑस्कर साल्व्हाटिएरा यांच्या गटाने १९८० च्या सुमाराला, जो नातेवाईक मूत्रपिंड देणार त्याचंच रक्त रुग्णाला आधी अनेकदा द्यायला सुरुवात केली. ज्यांना ते मानवलं त्यांची मूत्रपिंडं उत्तम टिकली. पण सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये नेमकी त्याच दात्याविरुद्ध प्रतिपिंडं झाली आणि तो दाता बादच झाला. घरात मूत्रपिंड द्यायला तयार असलेलं एकच माणूस, आणि ओळख करून देण्याच्या प्रयत्नातच ते हातचं गेलं, हे किती जड गेलं असेल! पुढे १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, औषधांनीच नकार आटोक्यात येऊ लागला आणि मुद्दाम रक्त देण्याची पद्धत मागे पडली.

मग आज हा विषय पुन्हा का काढायचा? कारण ती औषधं जन्मभर घ्यावी लागतात आणि ती सरसकट सगळ्याच प्रतिकारशक्तीला दाबतात. जंतुसंसर्ग वाढतो, काही कर्करोगांचा धोका वाढतो, मधुमेह होऊ शकतो. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही तर मूत्रपिंड वाचवायला दिलेली औषधं, आणि तीच दीर्घकाळात मूत्रपिंडाला इजा करू शकतात. एका दात्यापुरती सहनशीलता शिकवता आली, तर बाकीचं शरीर जंतूंशी लढायला मोकळं राहील. या उद्दिष्टासाठी कितीही वर्षं कष्ट करावेत इतकं ते मोलाचं आहे.

आज दवाखान्यात काय आहे?

अतिनील किरण आणि पांढऱ्या पेशी यांची जी जोडी आज प्रत्यक्ष वापरात आहे तिच्यात पेशी दात्याच्या नसतात, रुग्णाच्याच असतात. तिला फोटोफेरेसिस म्हणतात. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, त्यात सोरॅलेन कुळातलं औषध मिसळतात, ए पट्ट्याचे किरण सोडतात आणि पेशी परत शरीरात देतात. सोरॅलेन हे वनस्पतींमध्ये सापडणारं द्रव्य, बावचीच्या बियांतही ते असतं. ते डीएनएच्या दोन पदरांमध्ये शिरून बसतं आणि प्रकाश पडला की दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधून टाकतं. येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडलसन यांनी त्वचेतल्या टी पेशींच्या कर्करोगावर हा उपचार यशस्वी झाल्याचं १९८७ मध्ये मांडलं.

पुढे प्रत्यारोपणवाल्यांनी तो उचलला. हृदय प्रत्यारोपण झालेल्या ६० रुग्णांवरच्या चाचणीत, नेहमीच्या औषधांच्या जोडीला फोटोफेरेसिस दिलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांत नकाराचे झटके सरासरी ०.९१ आले, न दिलेल्यांना १.४४. ही चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर श्वासनलिका हळूहळू बुजत जाण्याच्या त्रासातही हा उपचार वापरतात, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावर उलटतात तेव्हाही. शरीरातल्या एकूण पांढऱ्या पेशींचा अगदी छोटा हिस्साच एका वेळी यंत्रातून जातो, तरी परिणाम साऱ्या शरीरावर दिसतो. नुसत्या पेशी मारून हे साधलं नसतं, त्यामागे काहीतरी शिकवणं असणार, असं मानायला हे एक चांगलं कारण आहे. शिवाय या उपचाराने संसर्गाचा धोका औषधांइतका वाढत नाही.

दुसरी वाट रायबोफ्लेविनची, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाची. प्लेटलेट आणि रक्तद्रवात हे जीवनसत्त्व मिसळून अतिनील प्रकाश दिला की त्यातल्या विषाणू-जिवाणूंची जनुकसामग्री मोडते. पद्धत निघाली ती रक्त सुरक्षित करण्यासाठी, पण पांढऱ्या पेशींनाही डीएनए असतं, त्यामुळे त्याही निष्प्रभ होतात. उंदरांमध्ये अशा प्रक्रियेतून गेलेलं रक्त दिल्यावर परक्या पेशींविरुद्धची प्रतिक्रिया तर कमी झालीच, पुढे त्याच दात्याचं प्रक्रिया न केलेलं रक्त दिलं तेव्हाही ती काही प्रमाणात कमी राहिली. शिकण्याची ही खूण आहे. माणसांमध्ये मात्र प्रतिपिंडं कमी झाल्याचं प्रत्येक चाचणीत दिसलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि तिसरी वाट मला सगळ्यात आशादायक वाटते, जरी तिच्यात किरण नाहीत. ओपेल्ट्स पुढे जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेले. तिथल्या गटाने जिवंत दात्याच्या पांढऱ्या पेशींवर मायटोमायसिन-सी या औषधाची प्रक्रिया करून त्या रुग्णाला मूत्रपिंड बसवण्याच्या दोन किंवा सात दिवस आधी दिल्या. १० रुग्णांवरच्या या पहिल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी दिल्याने गंभीर त्रास झाला नाही, दात्याविरुद्धची प्रतिक्रिया घटली आणि काही रुग्णांची औषधं बरीच कमी करता आली. १० हा आकडा लहानच, पण विचार तोच: दात्याची ओळख करून द्यायची, आवाज बंद करून.

अडतं कुठे?

पहिली अडचण अगदी साधी, प्रकाशाची. बी पट्ट्याचे किरण लाल पेशींच्या दाट रक्तात फार आत जात नाहीत आणि नेहमीच्या रक्तपिशवीचं प्लास्टिकच त्यांना अडवतं. म्हणून पेशी वेगळ्या करून, पातळ थरात, किरण आरपार जाऊ देणाऱ्या खास पिशवीत, सतत हलवत ठेवाव्या लागतात. थोड्या पेशी सावलीत राहिल्या तरी पुरे, त्या जागत्या पेशी चिथावणी द्यायला मोकळ्या. उलट किरण फार झाले तर पेशी ठरलेलं शांत मरण सोडून फुटतात, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि शरीर त्यालाच धोक्याचा इशारा समजतं. मात्रा या दोन्हींच्या मधे साधावी लागते.

दुसरी अडचण वेळेची. ओळख आधी करून द्यायची तर दाता आधी माहीत हवा. जिवंत दाता असेल तर आठवडाभर आधी पेशी घेता येतात. मृत्यूनंतर झालेल्या अवयवदानात अवयव मिळाल्यापासून तो बसवेपर्यंत काही तासच हातात असतात. शिकायला तेवढा वेळ पुरत नाही.

तिसरी अडचण रुग्णाच्या इतिहासाची. ज्याच्या शरीरात आधीच प्रतिपिंडं आणि स्मरण ठेवणाऱ्या टी पेशी आहेत, त्याला दुसऱ्या इशाऱ्याची फारशी गरजच उरत नाही. अनेकदा रक्त घेतलेल्या, बाळंतपणं झालेल्या किंवा आधी एक प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना शांतपणे शिकवणं म्हणूनच अवघड, आणि जुळणारा दाता मिळण्याची सर्वाधिक निकड नेमकी त्यांनाच असते.

प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांसाठी आज हाताशी असलेलं शहाणपण यातूनच येतं. रक्त चढवायची वेळ आली तर आपण प्रत्यारोपणाच्या यादीत आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. रक्त टाळता येईल का, आणि टाळता येत नसेल तर पांढऱ्या पेशी गाळलेलं मिळेल का, हे विचारावं. चढवल्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी पुन्हा केव्हा करायची, तेही विचारून ठेवावं.

आणखी एक सावधगिरी. रक्त बाहेर काढून त्यावर अतिनील प्रकाश टाकून परत द्यायचं आणि वाटेल तो आजार बरा होतो म्हणून सांगायचं, असा प्रकारही चालतो. वरच्या कोणत्याही उपचाराशी त्याचा संबंध नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.

उन्हाचंही तसंच. १९७० च्या दशकात मार्गारेट क्रिपके यांनी उंदरांमध्ये पाहिलं की अतिनील किरणांनी झालेल्या त्वचेच्या गाठी निरोगी उंदरात लावल्या तर त्याचं शरीर त्या नाकारतं, पण आधी अतिनील किरण खाल्लेल्या उंदरात त्या गाठी रुजतात आणि वाढतात. किरणांनी तिथेही प्रतिकार यंत्रणेला गप्प बसायला शिकवलं होतं, फक्त ते कर्करोगाच्या पथ्यावर पडलं. प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा धोका एरवीपेक्षा कित्येक पटींनी वाढतो, गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये सर्वांत जास्त. म्हणून पिशवीतल्या पेशींना जे किरण मोजूनमापून द्यायचे, त्यांच्यापासून स्वतःच्या त्वचेला मात्र टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन वापरून रोज जपायचं, आणि अंगावर नवा डाग किंवा न भरणारी जखम दिसली की ती लगेच डॉक्टरांना दाखवायची.